उपाशी ठेवणारी सिस्टर

एकतीस वर्षं मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते आणि या एकतीस वर्षांत माझ्या नजरेतून पेशंटच्या पोटातलं एक बिस्किटसुद्धा सुटलं नाही. ऑपरेशनच्या आधी पेशंटनं उपाशी राहायचं, हे डॉक्टर सांगायचे आणि नातेवाईक विसरायचे. "दोन घास खिचडी तं देल्ली, सिस्टर." "चाय कोठं खाण्यात धरते जी?" अशांना मी भर वॉर्डात अशी झाडायचे की पुढचे चार नातेवाईक आपापले डबे गुपचूप पिशवीत घालायचे. भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर माणूस जातो, इतकी साधी गोष्ट आहे. ती लोकांच्या डोक्यात का शिरत नाही, याचा मला आयुष्यभर राग आला.

निवृत्त झाले तरी धरमपेठेतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात फुकट ऑपरेशनांचं शिबिर लागलं की मला बोलावतात. या जानेवारीत पुण्याचे एक प्लास्टिक सर्जन तीन दिवसांसाठी आले होते. यादीतली बहुतेक माणसं कुही, नरखेडकडची. त्यात एक नाव होतं झुहुरा, वय अठरा, गाव पेंबा.

"पेंबा कोठी येते जी? उमरेडच्या पुढं का?" कारकुनानं मला विचारलं.

पुढे तर खरंच, पण समुद्र ओलांडून. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचं बेट आहे ते. तिथल्या बाया ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून दोरांना समुद्री शेवाळ बांधतात आणि ते वाढलं की वाळवून विकतात. झुहुराची आई तातू त्यातलीच. झुहुरा सहा वर्षांची असताना पेटता दिवा तिच्या अंगावर पडला. जखम भरली ती अशी, की हनुवटी छातीला चिकटूनच राहिली. बारा वर्षं या पोरीनं मान वर केली नव्हती. तिकडच्या एका संस्थेनं विमानाची तिकिटं काढली आणि आमच्या ट्रस्टनं ऑपरेशन पत्करलं.

शिबिराच्या गर्दीत मायलेकींना खाट मिळेना. मीच म्हणाले, "माझ्या घरी पाठवा. माझ्याइतकं कडक उपाशी कोण ठेवेल?" किती तोरा होता मला!

तातूला हिंदी यायची, सिनेमे बघून शिकलेली, त्यामुळे साधं पाणी मागतानाही तिचा आवाज भरून यायचा. झुहुरा नागपूरच्या थंडीत माझ्या मुलाचा जुना स्वेटर घालून बसायची आणि डोळे वर फिरवून सगळ्यांकडे बघून हसायची. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तिला जेवू घातलं आणि मी फर्मान काढलं, "आता पाण्याचा थेंबपण नाही!" स्वयंपाकघराला कडी लावली. तातूकडून दोनदा शपथ घेतली.

आता माझ्या घराबद्दल सांगते. माझे सासरे आनंदराव छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेले. शकुन-अपशकुन, लिंबू-मिरची, सगळं त्यांनी उंबऱ्याबाहेर काढलं. दही-साखर मात्र कशी कोण जाणे, राहून गेली. माझी मुलं दहावीला बसली, नोकरीच्या मुलाखतीला गेली, नवरा स्वतःच्या बदलीवरून भांडायला गेला, प्रत्येकाच्या तळहातावर मी दाराशी चमचाभर दही-साखर ठेवली आहे. त्यात माझं डोकं नसतंच. नुसता हात चालतो.

सकाळी साडेसहाला ऑटो आला. मी झुहुराचे रिपोर्ट घेतले, शाल घेतली, दाराला कुलूप लावलं आणि आम्ही निघालो.

दवाखान्यात भूल देणारी डॉक्टर चिन्मयी समोर आली. ही शिकाऊ असताना माझ्या शिव्या खाऊन मोठी झालेली. तिनं कागद बघत विचारलं, "काही खाल्लं-प्यायलं?"

"माझ्या घरून आली आहे," मी म्हणाले. "मलाच विचारतेस?"

चिन्मयी हसली आणि "उपाशी" या रकान्यात खूण करू लागली. मी झुहुराची शाल नीट करायला वाकले. तिची हनुवटी जिथं छातीला चिकटते, तिथं स्वेटरवर साखरेचे चार दाणे अडकले होते.

मग सकाळचं आठवलं. दाराशी मी दही-साखरेची वाटी घेऊन उभी होते. मीच तिचा हात पुढे ओढला होता. आणि तिनं निमूटपणे चाटून टाकलं होतं, कारण जी बाई पाण्याच्या थेंबाला नाही म्हणते, ती स्वतःच्या हातानं देते म्हणजे औषधच असणार!

खोटं कशाला सांगू, मनात आलं की गप्प बसावं. एक चमचा तर आहे. शिबिराचा शेवटचा दिवस, सर्जनचं विमान संध्याकाळी, यादीत आज दोनच नावं, आणि ही पोर पेंबाहून पुन्हा कुठून येणार? पण चिकटलेल्या मानेत श्वासाची नळी घालणं आधीच जिकिरीचं. तिथं पोटातलं वर आलं तर चिन्मयीच्या हाती काही राहणार नाही. हे मला तिच्याइतकंच माहीत होतं.

"चिन्मयी, खूण नको करूस," मी म्हणाले. "मी हिला दही-साखर दिली. साडेसहाला."

तिचा पेन थांबला. "सिस्टर, तुम्ही? तुम्ही काय करून राहिल्या हे?"

"सवयीनं दिली गं."

ती रागावली नाही, हे जास्त लागलं. तिनं घड्याळ बघितलं. दुधाचा पदार्थ, म्हणजे सहा तास थांबायचं. साडेबाराच्या आत झुहुराला भूल नाही. तिचं ऑपरेशन चार तासांचं. वाचायचा एकच मार्ग होता, दुपारच्या पेशंटला आत्ता घेणं. तो होता कुहीचा धोंडबा, उजव्या हाताची बोटं भाजून तळव्याला चिकटलेली. पण त्याला सकाळी सहापर्यंत खायची परवानगी होती. खाल्लं असेल तर दोघांपैकी एकजण आज राहणार.

मी अक्षरशः पळत वॉर्डात गेले. धोंडबा खाटेवर मांडी घालून बसला होता, शेजारच्या स्टुलावर चिवड्याचा डबा.

"भाऊ, सकाळी काही खाल्लं का जी?"

तो दचकला. "नाही नं बाई. काल दुपारपासून काहीच नाही उतरलं घशाखाली. भेव लागून राहिलं मले. खाऊन घेऊ का आता?"

"नको!" मी असं ओरडले की त्याच्या शेजारच्यानंही केळं खाली ठेवलं.

मी त्याला सगळं सांगितलं, माझ्या मूर्खपणासकट. त्याचा मुलगा दुपारी एसटीनं येणार होता. मुलाशिवाय आत जायला त्याचं मन होईना. तो खिडकीतून झुहुराकडे बघत राहिला. ती व्हरांड्यात बसून स्वेटरच्या बाह्या ओढत होती.

"पोरगी लय दुरून आली म्हणता?"

"समुद्रापलीकडून."

"मंग चला नं. पण माह्यासंग कोणी तं पाह्यजे."

फॉर्मवर त्यानं डाव्या हातानं सही केली. नातेवाईकाच्या जागी मी सही केली आणि नात्याच्या रकान्यात "बहीण" लिहिलं. तो आत असेपर्यंत दोन तास मी दाराशी उभी होते. नातेवाईक होऊन थिएटरबाहेर थांबणं काय असतं, ते मला एकतीस वर्षांत कळलं नव्हतं.

तातूला मी तेव्हाच सगळं सांगितलं होतं आणि माफी मागितली होती. तिनं माझा हात धरला. "सिस्टर, आपने प्यार से दिया," ती म्हणाली आणि नंतर पुटपुटत डोळे मिटून बसली. पावणेएकला झुहुरा आत गेली. पाचला सर्जन बाहेर आले, तातूला हिंदीत "सब ठीक" म्हणाले आणि विमानतळाकडे पळाले.

सातव्या दिवशी पहिली पट्टी उघडली. चिन्मयी मुद्दाम आली होती. मानेवरची नवी कातडी लालबुंद होती, पण धरली होती. चिन्मयीनं मानेचा आधाराचा पट्टा सोडला आणि झुहुराला खाटेच्या कडेला बसवलं.

तातू पुढे झाली आणि लेकीच्या पायाशी उकिडवी बसली. बारा वर्षं ती अशीच बसून तिचं तोंड बघत आली होती. तिथं खालून तिनं बघितलं तर लेकीचा चेहरा नव्हताच, तो वर होता, सरळ, समोरच्या भिंतीकडे बघत. तातू तशीच बसून राहिली. उठायचं असतं, हे तिला सुचेना.

मी तिच्या काखेत हात घातला आणि तिला उभं केलं.