खोक्यासकट

स्टुलावर चढून वहिनीने कपाटाच्या वरच्या खणात हात घातला आणि पहिल्यांदा हाती लागलेली फुलदाणी खोक्यासकट मागे ढकलली. फुलदाणी नको. ती याच इमारतीतल्या कुणीतरी दिली होती आणि कुणी, ते आठवत नव्हतं. अशी वस्तू याच इमारतीत पुन्हा बाहेर काढायची म्हणजे आपणहून फजिती ओढवून घ्यायची.

"काय देणार आहेस मग?" खालून नवऱ्याने विचारलं. त्याने स्टूल धरलं होतं. म्हणजे एका हाताने धरलं होतं, दुसऱ्या हातात फोन होता.

"बघतेय. तुम्ही आधी स्टूल नीट धरा. पडले तर संध्याकाळी एकटेच जाल पाहुणचाराला."

तळमजल्यावर नव्याने राहायला आलेल्या ग्रंथपालबाईंनी संध्याकाळी सगळ्या इमारतीला घरी बोलावलं होतं. रिकाम्या हाताने जायचं नव्हतं आणि बाजारात जायला वेळ नव्हता, म्हणून ही चढाई. अख्खी इमारत तिला वहिनीच म्हणायची, लहान पोरंसुद्धा, तेव्हा आपणही तेच म्हणू.

वरचा खण हा या घरातला भेटवस्तूंचा खण. आलेल्या आणि कामी न आलेल्या वस्तू इथे मुक्काम करत आणि योग्य माणूस सापडला की पुढच्या प्रवासाला निघत. पद्धत सासूबाईंची. ज्याने दिलं त्याच्याच दारी ते परत जाता कामा नये, हा त्यांचा एक नियम. आणि दुसरा म्हणजे, खोकं टाकायचं नाही. हा दुसरा नियम तर घरातल्यांच्या रक्तातच भिनला होता. इस्त्री जळून भंगारात गेली तरी तिचं खोकं माळ्यावर सुखाने नांदत होतं. सासूबाई गेल्या, नियम मागे राहिले. त्यांच्या लेकीने, म्हणजे वहिनीच्या नणंदेने, ते सासरीही नेले होते.

खणाच्या कोपऱ्यात हिरवं खोकं होतं. वहिनीने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं, तीन-चार डबे उगाच इकडचे तिकडे केले आणि शेवटी तेच ओढून खाली नवऱ्याच्या हातात दिलं.

"हे?" नवऱ्याने फोन खिशात टाकला. "अगं, हे तर ताईने दिलंय."

"ताईंनी दिलेलं नाही. ताईंनी परत केलंय. फरक आहे त्यात."

नवऱ्याने खोकं टेबलावर ठेवलं. बहीण आणि बायको यांच्यामधल्या गोष्टीत तोंड घालायचं नाही, हा त्याचा स्वतःचा नियम होता आणि तो त्याला आजवर लाभला होता.

खोकं वहिनीने ओळखलं नसतं तरच नवल. लग्नाच्या पहिल्या वर्षी, स्वतःच्या पहिल्या पगारातून, नणंदेच्या नव्या घरासाठी तिने हा सहा कपांचा सेट घेतला होता. अर्धा दिवस दुकानात घालवला होता. दुकानदाराने शेल्फवरचे सगळे सेट काढून दाखवले, तो वैतागला, मग त्याच्यासाठी चहा आला, तरी हिचं काही ठरेना. शेवटी त्याने आपला चहा संपवून रिकामा कप तिच्यासमोर तिरका धरला. पांढरा साधा कप, निळी बारीक किनार आणि आत तळाशी नखाएवढं पिवळं फूल.

"चहा संपल्याशिवाय दिसत नाही," तो म्हणाला होता.

तिने तोच सेट घेतला. घरी येईपर्यंत खोकं मांडीवर धरून बसली होती. ताईंनी उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे. एवढा खर्च कशाला केलास?" एवढंच. नव्या नवरीला एवढंसं पुरत नाही, पण ते सांगणार कुणाला?

त्यानंतर इतक्या वर्षांत ती ताईंच्या घरी कितीदा तरी गेली असेल. दर वेळी चहा आला तो सोनेरी काठाच्या पातळ काचेच्या कपांतून, ट्रेमध्ये, खाली भरतकामाचा रुमाल घालून. हिच्या कपांचा कुठे मागमूस नाही. शोकेसमध्ये नाही, ओट्याजवळच्या मांडणीवर बाहेरून दिसेल तेवढ्या भागात नाही. सुरुवातीला विचारायचा धीर झाला नाही आणि नंतर विचारण्यात राम उरला नाही. आपली आवड या घराला पटली नाही, म्हणजे आपणही फारशा पटलो नाही, असा हिशेब तिने मनाशी मांडला आणि तो कधी तपासून पाहिला नाही.

गेल्या वर्षी ताईंचे यजमान गेले. त्यानंतर ताईंनी घर आवरलं आणि मुलाकडे राहायला जाताना वाटेत दोन दिवस इथे उतरल्या. निघताना हे हिरवं खोकं टेबलावर ठेवलं, कडेने चिकटपट्टी लावून, अगदी नव्यासारखं.

"हे तुझ्याकडे राहू दे," त्या म्हणाल्या. "तिकडे मला एकच खोली आहे. जागा नाही."

"बरं," वहिनी म्हणाली.

उघडायचं काय होतं त्यात? आत काय आहे, ते तिनेच तर निवडलं होतं. इतकी वर्षं जसंच्या तसं ठेवलं आणि आता अडचण झाली म्हणून ज्याचं त्याला परत. सासूबाईंचा पहिला नियमसुद्धा ताईंनी तिच्यापुरता मोडला होता. त्या रात्री वहिनी उशीत तोंड खुपसून रडली होती आणि नवऱ्याला म्हणाली होती, सर्दी झालीय.

संध्याकाळी तिने खोक्याला रंगीत कागद गुंडाळला आणि दोघं खाली गेली.

ग्रंथपालबाईंचं सामान अजून अर्धं बांधलेलंच होतं. पुस्तकांच्या पेट्या भिंतीला लागून होत्या, त्यांवरच गाद्या टाकून बसायची सोय केली होती. एक शेल्फ मात्र नीट लावलेलं होतं आणि त्यावर कप होते, प्रत्येक वेगळा, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. वरच्या मजल्यावरचे वकीलकाका त्याकडे बघत होते.

"यांच्या बश्या फुटल्या वाटतं सगळ्या," ते वहिनीच्या कानाशी म्हणाले.

ग्रंथपालबाईंनी खोकं हातात घेतलं आणि हलवून पाहिलं. "मी लगेच उघडते हं. मला दम निघत नाही."

वहिनीला उलट बरंच वाटलं. निदान कुणीतरी उघडेल, चारचौघांत मांडेल, छान म्हणेल. कागद निघाला, चिकटपट्टी निघाली. झाकण उघडलं तर वर जुन्या टॉवेलचे कापलेले मऊ तुकडे. वहिनीच्या कपाळाला आठी पडली. दुकानदाराने तर कागदाचा भुगा घातला होता.

पहिला कप बाहेर आला. आतून त्याला चहाची तपकिरी रेघ होती, घासून घासून न जाणारी. दुसऱ्याचा कान तुटून चिकटवलेला होता आणि डिंक जरा बाहेर आला होता. तिसऱ्याच्या काठाचा टवका उडालेला.

सगळे माना पुढे करून बघू लागले.

"वहिनी," वकीलकाका म्हणाले, "निघताना चहासुद्धा यातच पिऊन आलात की काय?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. वहिनीचे कान तापले. नवरा छताकडे बघू लागला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वहिनीला वाटलं; तळमजल्यावर निदान तेवढी सोय असायला हवी होती.

"हसताय काय?" ग्रंथपालबाई म्हणाल्या. त्यांनी कप उजेडात धरला होता आणि त्यांचा चेहरा खुलला होता. "अहो, हे जुनं काम आहे. ही किनार हाताने काढलेली आहे, बघा. हल्ली शोधून मिळत नाही. मी वापरलेले जुने कप जमवते, हे तुम्हाला कुणी सांगितलं हो?"

"आमच्या वहिनींचं लक्ष असतं सगळीकडे," सोसायटीच्या सेक्रेटरीबाई अभिमानाने म्हणाल्या, जणू ही कल्पना त्यांचीच. आता सगळे वेगळ्या नजरेने बघू लागले. वकीलकाकांनीही मान डोलावली.

वहिनीचा जीव भांड्यात पडला खरा. गेलेली अब्रू व्याजासकट परत आली होती. आता फक्त हसून गप्प बसायचं होतं.

पण तिने एक कप उचलला आणि आत पाहिलं. तळाशी फूल नव्हतंच. पिवळा पुसट डाग होता, तोही चमच्याने ढवळून ढवळून फिका झालेला. तिने दुसरा घेतला. त्यात फूल होतं, जवळजवळ जसंच्या तसं. तिसऱ्यातही, चौथ्यातही. आणि पाचव्यातली एक पाकळी तेवढी गेलेली. सहावा कप खोक्यात नव्हता. म्हणजे रोज या एकाच कपातून चहा प्यायला जात होता, आणि बहुधा आणखी एकातून, जो इथे नव्हता. रोज सकाळी, किती सकाळी कोण जाणे, ओट्याशेजारी, ताई आणि त्यांचे यजमान.

"एक कमी आहे ना? हरकत नाही," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "माझ्याकडे सुटेच असतात." त्यांनी शेल्फच्या मधल्या फळीवर जागा केली आणि एकेक कप मांडायला घेतला.

वहिनीच्या हातात खाऊची बशी आली. ती बसली. समोर ते कप शेल्फवर ओळीने उभे राहत होते आणि खरंच सुंदर दिसत होते. दिलेली वस्तू परत मागायची, तीही भरल्या घरात, तीही जिने आत्ताच आपली लाज राखली तिच्याकडून! असं या इमारतीत कुणी केलं नव्हतं. तिने बशी पेटीवर ठेवली.

"बाई," ती उठून म्हणाली, "मला ते परत हवेत."

कुणाला कळलंच नाही.

"मी न उघडताच दिले हो. चुकलं माझं. माझ्या नणंदेचे आहेत ते. मी दिले होते त्यांना, माझं लग्न झालं तेव्हा. मला वाटायचं, त्यांनी कधी वापरलेच नाहीत. आणि त्यांनी…" तिचा आवाज फाटला. "बघा ना, फूल गेलंय त्यातलं."

वकीलकाकांना अचानक आपल्या बशीत फार रस वाटू लागला. ग्रंथपालबाईंनी हातातल्या कपाकडे पाहिलं, मग शेल्फकडे. त्यांना वाईट वाटलं होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. मग त्या आतून ट्रे घेऊन आल्या.

"लोकांकडून पुस्तकं परत मागण्यात माझा जन्म गेला," कप ट्रेमध्ये ठेवत त्या म्हणाल्या. "आज पहिल्यांदा कुणी माझ्याकडून मागतंय. घ्या. ट्रे मात्र परत आणून द्या हं, त्याला दंड आहे."

वहिनी हसली आणि रडलीही. ट्रे दोन्ही हातांनी धरून ती दारापर्यंत आली, तेव्हा नवरा मागून कुजबुजला.

"अगं, खोकं राहिलं."

"राहू दे."

त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती गॅस चालू ठेवून घराबाहेर पडत होती.

वर आल्यावर तिने चहा टाकला आणि फूल गेलेल्या कपात गाळून घेतला. मग फोन लावला.

"उघडलंस?" ताई म्हणाल्या. "आत्ता? मला वाटलं, मी गाडीत बसायच्या आत उघडशील."

"कधी बोलला का नाहीत, ताई?"

"काय बोलायचं?"

"की वापरता म्हणून. मी आले की काचेचे काढायचात. मला वाटलं, तुम्हाला आवडले नाहीत. खोकंसुद्धा उघडलं नसेल वाटलं."

पलीकडे ताईंनी पंखा बंद केल्याचा आवाज आला.

"अगं वेडे," ताई म्हणाल्या, "तुझ्यासमोर कसे काढणार होते? पहिल्याच महिन्यात एकाचा कान मोडला माझ्या हातून. तू इतकं निवडून आणलेलं. म्हटलं, बघशील आणि म्हणशील, काय दशा केली यांनी. मग तू यायच्या दिवशी आतल्या डब्यांमागे लपवायचे मी ते." त्या हसल्या. "आणि यांना त्या फुलाचं काय कौतुक! चहा संपला की कप तिरका करून मला दाखवायचे. रोज. मी म्हणायचे, अहो, कालही तिथेच होतं."

वहिनीने डोळे पुसले. "एक कमी आहे," ती म्हणाली.

"तो यांचा. तो मी आणलाय इकडे. तो मागू नकोस."

"नाही मागत."

"माझा आहे ना त्यात? फूल गेलेला?"

"त्यातूनच पितेय आत्ता."

"बरं," ताई म्हणाल्या. मग आवाज नेहमीसारखा झाला. "आणि खोकं नीट ठेव हो. पुढेमागे कुणाला द्यायचे झाले तर लागेल."

वहिनीने टेबलावर ओळीने ठेवलेल्या कपांकडे पाहिलं.

"खोकं नाहीये, ताई. ते देऊन टाकलं मी."

या घराण्यात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं.

"असं," ताई म्हणाल्या. "मग मी आले ना, की मला त्यातच चहा दे. पाहुण्यांचे कप काढलेस तर बघ."