बारा इंची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. पण जिच्यासाठी माणसं एकमेकांचे पाय ओढतात, ती मी नव्हे. माझी उंची जेमतेम बारा इंच. बालवाडीसाठी मला घडवणाऱ्या सुताराने बजावलं होतं, "सहा वर्षांवरचं मूल बसवू नका हिच्यावर."

ऐकतंय कोण! बालवाडी बंद पडली आणि शाळा सुटल्यावर मुलं सांभाळणाऱ्या एका केंद्रात माझी रवानगी झाली. तिथे सहा ते अकरा वर्षांची वीस मुलं आणि त्यांच्यावर एक संचालिकाबाई, हाताखाली एक मदतनीस ताई. बाईंच्या लेखी मूल म्हणजे मूल. सहाचं काय न् अकराचं काय! भिंतीवर वेळापत्रक डकवलेलं : चार ते पाच, बदक रंगवणे. सर्वांनी. जागेवर बसून. असल्या नियोजनाला डोकं लागत नाही, आणि बाईंनी ते वापरलंही नव्हतं.

धाकटी मुलं दहा मिनिटांत चुळबुळायची, की बाई खेकसायच्या, "चुळबुळ नको!" थोरली कंटाळून एकमेकांना चिमटे काढायची.

माझ्या वाट्याला अकरा वर्षांची एक उंच मुलगी आली होती. फार प्रश्न विचारते म्हणून सगळे तिला 'वकीलसाहेब' म्हणत. बसली की बिचारीचे गुडघे हनुवटीला टेकायचे.

एकदा ती म्हणाली, "बाई, मी नाही रंगवणार. गेल्या आठवड्यातही बदकच होतं."

"सगळे रंगवतायत ना? तुलाच काय शिंगं फुटलीत?"

ती ताडकन उठली आणि माझा मागचा पाय कडाडला.

"मोडलीस खुर्ची! आईला बोलाव. उद्यापासून तू बंद!"

आई आली. रुग्णालयात परिचारिका, गणवेशातच धावत आलेली. "बाई, माझी ड्यूटी आठला सुटते. घरी कोणी नाही. हिला ठेवू कुठे?"

मुलगी खाली मान घालून उभी. ते मला बघवेना.

तेवढ्यात मदतनीस ताई पुढे झाली. "बाई, तो पाय खिळखिळा झालाय हे मी दोनदा सांगितलं होतं. आणि या वयाला बदक कसलं देता? यांना खरं काम हवं, जबाबदारी हवी. आणि सहाच्यांना तासभर बसवायचं म्हणजे पारा मुठीत धरायचा."

"वीस वर्षं मुलं सांभाळतेय मी. मला शिकवू नकोस!"

"मग दहा मिनिटं तुम्हीच बसून रंगवा ना."

"बसते की!" बाई माझ्या शेजारच्या बहिणीवर टेकल्या. चौथ्या मिनिटाला घड्याळाकडे नजर. पाचव्याला हात कमरेवर. सहाव्याला बाई हलल्या, तोच सहा वर्षांची एक चिमुरडी हुबेहूब त्यांच्याच सुरात खेकसली, "चुळबुळ नको!"

आईला हसू आवरेना. बाईंचा चेहरा पडला. "येऊ दे हिला उद्या," त्या पुटपुटल्या. 'चुकलं' म्हणायला मात्र त्यांची जीभ वळली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ताईने धाकट्यांना अंगणात पळू दिलं. थोरल्यांच्या हाती मला सोपवलं, सोबत डिंक आणि पेचकस दिला. वकीलसाहेबांनी दोन दिवस वाद घालत माझा पाय जोडला. थोडा वाकडा बसलाय, पण त्या पोरीची ऐट बघायला हवी होती!

आता माझ्यावर फक्त सहा वर्षांची मुलं बसतात, तीही गोष्टीपुरती. माझी एवढीच विनंती आहे : मुलांचं वेळापत्रक लिहिण्याआधी एकदा मुलांकडे बघा. बाईंना सांगायची मात्र गरज नाही. पाहुणे आले की त्या सांगतातच, की हे सगळं त्यांनाच सुचलं होतं.