खाली येणारा हात

सोफे-खुर्च्यांच्या दुकानावरचा तो हॉल गच्च भरला होता. खुर्च्या संपल्यावर लोक भिंतींना टेकून उभे होते आणि त्यातल्या निम्म्यांनी एक हात दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता. समोरच्या उंचवट्यावर, स्टुलावर, माझे काका बसले होते. अंगात फक्त बनियन, डोळे मिटलेले. बोर्डावर 'स्पर्शमहर्षी' अशी पदवी लावणारे आणि लोकांच्या तोंडी नुसते 'हातवाले' असलेले गृहस्थ त्यांच्यामागे उभे होते.

हातवाल्यांनी काकांना हात स्वतः उचलायला सांगितलं. उजवा हात वीतभर बाजूला गेला आणि काकांचा चेहरा पिळवटला. मग हातवाल्यांनी खांद्यावर तीन बोटं टेकवली आणि समोर बघत म्हणाले, "डॉक्टर सांगतात, आतली दोरी तुटली. अहो, दोरी तुटत नसते, दोरी रुसते. रुसलेल्या माणसाला कापतात का? समजावतात."

लोक हसले. हातवाल्यांनी काकांचं मनगट धरून हात सावकाश वर नेला, पार कानाजवळ, आणि सोडून दिला. हात वरच राहिला, सरळ छताकडे. टाळ्यांनी हॉल दणाणला. माझ्या शेजारी काकू डोळे पुसत होती. मी टाळी वाजवली नाही, पण हात वर कसा राहिला, हे मलाही कळलं नव्हतं. नुसता संशय होता.

काका रंगारी. छतं रंगवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्या बैठकीच्या दोन आठवडे आधी ते शिडीवरून पडले आणि उजव्या खांद्यातला स्नायूबंध, म्हणजे हात उचलणाऱ्या स्नायूला हाडाशी जोडणारी पट्टी, पूर्ण फाटला. सर्जनने स्पष्ट सांगितलं होतं की ताजी जखम आहे, शिवून घ्या, उशीर केलात तर फाटलेलं टोक आत ओढलं जाईल आणि स्नायू वाळत जाईल. काकांना सुरीची धडकी. त्यात कोणीतरी हातवाल्यांचं पत्रक हातात दिलं.

मी त्याच हॉस्पिटलात काम करते. खांद्याच्या उपचारांवर तिथे एक अभ्यास चालू होता. जुनी, लहान फाट असलेले रुग्ण त्यात घेतले होते. सगळ्यांना व्यायाम शिकवायचे. शिवाय निम्म्यांच्या खांद्याला किरणांचं मशीन लावायचं आणि निम्म्यांना तेच मशीन बंद ठेवून लावायचं. कोणाला चालू, कोणाला बंद, हे ना रुग्णाला ठाऊक, ना नंतर खांदा तपासणाऱ्याला. माझं काम फोन करायचं. ठरलेल्या तारखेला प्रत्येकाला विचारायचं, दुखणं किती, हात कुठवर जातो. जे यायचे बंद झाले त्यांनाही. त्यांना तर आधी.

हे मी एकदा काकांना कौतुकाने सांगितलं होतं, तेच माझ्यावर उलटलं. ऑपरेशनचा विषय काढला की ते म्हणायचे, "तुम्ही लोक बंद मशीन लावून माणसं फसवता. तो निदान स्वतःचा हात लावतो." अभ्यासात येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगतात, कदाचित तुमचं मशीन बंद असेल, चालेल का, आणि तो हो म्हणाला तरच घेतात, हे मी किती वेळा समजावलं. काका ऐकून घेत आणि पुढच्या बैठकीची तारीख काकूला विचारत.

तीन आठवड्यांनी मी त्यांच्या घरी गेले. काका चहाचा कप डाव्या हाताने धरत होते. सदऱ्याची बटणं काकू लावत होती. मी हात वर करा म्हटलं तर म्हणाले, आत्ता नको, शक्ती मुरते आहे. हॉलमध्ये मात्र दर बैठकीला हात वर जात होता आणि हातवाले त्यांना 'बरा झालेला नमुना' म्हणून सगळ्यांपुढे बसवत होते. काकांना त्याचा अभिमान वाटू लागला होता. कामावरून घरी बसलेल्या माणसाला कोणीतरी पहिल्या रांगेत बोलावत होतं. त्यांचा राग करावा असं मला वाटेना.

मग मी माझं नेहमीचं काम केलं. आमचा अभ्यास सोडून हातवाल्यांकडे गेलेले अकरा जण माझ्या यादीत होते. एकेकाला फोन लावला आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: डोक्यावरच्या फळीवर भरलेला डबा ठेवता येतो का? चौघांनी हो सांगितलं. चौघेही आमच्याकडे शिकलेले व्यायाम घरी करत होते. सात जणांनी नाही सांगितलं. मी विचारलं, हे हातवाल्यांना कळवलंत का? एकानेही कळवलं नव्हतं. एक शिंपीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "कुठल्या तोंडाने सांगू? माझीच श्रद्धा कमी पडली असणार." हातवाल्यांच्या पत्रकावर छापलं होतं, 'हजार खांदे, नऊशे ऐंशी बरे, आमचंही संशोधन.' बरे झालेले आभार मानायला परत येत होते. न झालेले तोंड लपवून घरी बसत होते. आणि मोजणी हॉलमध्ये होत होती.

संख्येचा घोळ कळला, पण वर राहिलेल्या हाताचं कोडं सुटेना. आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंना मी पुढच्या बैठकीला घेऊन गेले. या बाई मुळात कमी बोलणाऱ्या. दीड तास त्या भिंतीला टेकून नुसत्या बघत राहिल्या. जिन्यावरून उतरताना त्यांनी मला विचारलं, "हात खाली कसे येतात, पाहिलंस?"

मी पाहिलं नव्हतं. कोणीच पाहिलं नव्हतं, कारण तोवर टाळ्या सुरू झालेल्या असत. बाईंनी सांगितलं, प्रत्येक हात खाली येताना हातवाले त्याच्याखाली पिवळं रेशमी वस्त्र धरतात, शक्ती सांडू नये म्हणून. वस्त्राच्या आत त्यांचा तळहात असतो. हाताचा सगळा भार ते स्वतः पेलून खाली आणतात.

दुसऱ्याच दिवशी मी काकांना हे जसंच्या तसं सांगितलं. ते ताडकन उठले. म्हणाले, तुझ्या त्या बाईंना या रविवारी पुढे येऊ दे, मी सगळ्यांसमोर दाखवतो.

रविवारी काकांचा हात नेहमीसारखा वर गेला, टाळ्या झाल्या, आणि हातवाले वस्त्र घेऊन वाकले तेव्हा बाई उंचवट्यावर चढल्या. त्यांनी शांतपणे विनंती केली, यांना हात स्वतः खाली आणू द्या. हातवाले हसले. म्हणाले, साधनेत ढवळाढवळ केली तर जबाबदारी माझी नाही. मागून कुणीतरी बाईंना खाली उतरायला सांगितलं. दोन माणसं पुढे आली.

बाईंनी गर्दीकडे पाहिलंच नाही. त्यांनी काकांना विचारलं, "खांदा तुमचा आहे. तुम्ही सांगा."

काकांनी हातवाल्यांकडे पाहिलं. हातवाले वस्त्र पुढे करत होते. ते तसं घाईने पुढे येणं काकांच्या नजरेत भरलं असावं. ते म्हणाले, "बाजूला व्हा. मी आणतो."

बाईंनी त्यांच्या हाताखाली, वीतभर अंतर सोडून, आपले दोन्ही तळवे धरले. काकांनी हात सावकाश खाली आणायला सुरुवात केली. थोडा आला. खांद्याच्या रेषेपर्यंत येता येता थरथरला, आणि मग दांडी तुटल्यासारखा पडला, तो थेट बाईंच्या तळव्यांत. काकांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला.

बाईंनी तो हात अलगद काकांच्या मांडीवर ठेवला आणि तिथूनच बोलल्या. हात पार उभा असतो तेव्हा त्याचं वजन खांद्यावर सरळ टेकलेलं असतं, तो तसाच ठेवायला फार जोर लागत नाही. आडव्या हाताला मात्र सगळा भार त्या फाटलेल्या पट्टीने पेलायचा असतो. वर नेताना भार हातवाल्यांनी घेतला, खाली आणतानाही त्यांनीच. मधल्या क्षणाला तुम्ही टाळ्या वाजवल्या.

हातवाल्यांनी श्रद्धा, शंका, अपवित्र स्पर्श असं बरंच काही सुनावलं. पण लोकांची नजर आता त्या वस्त्रावर होती. एक गवंडी उठला आणि त्याने रोखठोक विचारलं, "मग माझा खांदा यांच्याकडे बरा कसा झाला?"

प्रश्न खरा होता, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. आमचा अभ्यास त्याच महिन्यात पुरा झाला होता. मी जागेवरूनच सांगितलं की ज्यांना मशीन बंद ठेवून लावलं, त्यातलेही बरेच जण बरे झाले, चालू मशीनवाल्यांइतकेच. लहान फाटीचं दुखणं काही महिन्यांत, नेमाने व्यायाम केला तर, पुष्कळांचं कमी होतं. आमच्या महागड्या मशीनने त्यात काही भर घातली नाही, हे आम्हीच जाहीर केलं. बंद मशीन ठेवलं नसतं तर आम्हीही त्याचं श्रेय घेऊन हिंडलो असतो. हातवाल्यांनी आपला हात न लागलेल्या खांद्यांशी स्वतःची तुलना कधी केली का, एवढं त्यांना विचारा.

गवंडी हातवाल्यांकडे वळला. त्यांनी वस्त्राची घडी घातली आणि बैठक संपल्याचं सांगितलं. पुढच्या रविवारी हॉलला कुलूप होतं. ते दुसरीकडे गेले असतील. अशी माणसं कुठे ना कुठे जातातच.

त्या बैठकीनंतर तिसऱ्या दिवशी काका काकूला म्हणाले, हॉस्पिटलची चिठ्ठी शोध. पडल्याला तोवर अकरा आठवडे झाले होते. सर्जनने नवे फोटो काढले आणि सांगितलं, टोक मागे सरकलं आहे, शिवता येईल, पण आधीइतकं सोपं नाही. आणि धीर द्यायला म्हणाले, काळजी करू नका, छान होईल.

काका म्हणाले, "छान म्हणजे शंभरातल्या कितींचं? आणि ते मोजलं कोणी?"

मी ओशाळले. सर्जन मात्र खुर्ची ओढून बसले. इतक्या उशिरा शिवलेल्यांपैकी काहींची पट्टी पुन्हा फाटते, हे त्यांनी आकड्यासकट सांगितलं. ते आकडे कुठल्या अभ्यासातले, किती रुग्णांवरचे, किती जण मध्येच निघून गेले, तेही सांगितलं. जिथे त्यांना माहीत नव्हतं तिथे 'माहीत नाही' म्हणाले. काकांनी सही केली, डाव्या हाताने, वेडीवाकडी.

आज ते भिंती रंगवतात. छतं नाहीत. गेलेले आठवडे परत मिळाले नाहीत. मी ते लपवणार नाही, कारण भोंदूगिरीची खरी किंमत तीच असते.

मला एवढंच म्हणायचं आहे. तुमच्या दुखण्यावर जो कोणी उपाय सांगेल, मग तो रेशमी वस्त्रातला असो की पांढऱ्या कोटातला, त्याला विचारा: किती जण आले, किती बरे झाले, जे परत आले नाहीत त्यांना कोणी विचारलं, आणि काहीच न करता किती बरे झाले असते? जो या प्रश्नावर चिडतो, त्याच्या हाती आपलं शरीर देऊ नका. जो खुर्ची ओढून बसतो, त्याचं नीट ऐकून घ्या, आणि मग ठरवा.