योएलच्या नावाचं बिल

"मेलेल्या माणसाला बिल येतं का? सांगा ना, येतं का?" बिन्यामिनअंकल दोन्ही हात उंचावून विचारत होते आणि खोलीभर माणसं मुंड्या हलवून 'नाही, नाही' म्हणत होती.

इस्रायलमधल्या ओफाकिम गावातलं ज्युडिथबाईंचं तिसऱ्या मजल्यावरचं घर त्या शुक्रवारी सकाळी जिन्यापर्यंत भरलं होतं. टेबलावर कॉम्प्युटर, त्याच्यापुढे मलिद्याचं ताट: गोड पोहे, ओलं खोबरं, पाच फळं. नवस एलियाहू हानाबी या प्रेषिताला बोललेला, पण माणसं पाया पडायची तेवढी बाकी होती ती मॉनिटरच्या. दोन हजार चार साल, शिकलीसवरलेली माणसं, अर्ध्यांची पोरं इंजिनिअर.

ज्युडिथबाईंचा मुलगा योएल लष्करातून सुटल्यावर मनालीला फिरायला गेला आणि नदीत पडला, त्याला चार वर्षं झाली. देह सापडला नाही. देह नाही म्हणून आईने सात दिवसांचं सुतक पाळलं नाही, की त्याच्या नावाने अश्रू ढाळले नाहीत. रोज सकाळी ती त्याचा ई-मेलचा डबा उघडायची, जुनी पत्रं वाचायची आणि बंद करायची.

मंगळवारी त्या डब्यात नवं पत्र आलं. डिअर योएल७४, या महिन्याच्या वापराचं बिल भरलेलं नाही. शेवटचा वापर: काल संध्याकाळी सहा बेचाळीस. शुक्रवारी दुपारपर्यंत कार्डाने पैसे भरा, नाहीतर डबा सगळ्या पत्रांसकट पुसला जाईल.

"मी तर सकाळीच उघडते," ज्युडिथबाई येईल त्याला सांगत होत्या. "संध्याकाळी कोणी उघडला? त्यानेच ना!"

आणि बिन्यामिनअंकलनी हे आधीच सांगितलं होतं. सोमवारी संध्याकाळी घरी येऊन म्हणाले होते, "उद्या मशीन उघड, बाय. निरोप असेल." अंकल मुंबईच्या पोस्टात कारकून होते. इथे आल्यावर त्यांना थेट हानाबीकडून निरोप यायला लागले. हरवलेली पाटली, पोरीचं लग्न, मूतखडा, कशावरही निरोप यायचा. निरोप सांगून झाला की पैशांचं पाकीट घ्यायचे, मोजायचे मात्र घरी जाऊन.

योएलची बहीण रिनात हैफाहून पहिल्या बसने आली होती. बंदराच्या ऑफिसात तिचं काम कॉम्प्युटरचंच. फोनवर आई म्हणाली होती, "तो जिवंत आहे," आणि बसमधले तीन तास रिनातनेही ते मानलं होतं. कॉम्प्युटरचं सगळं ज्ञान गुंडाळून ठेवून ती खिडकीशी वेड्यासारखी हसत बसली होती. आता पडद्यावरचं पत्र तिने एकदाच वाचलं आणि आईकडे वळली.

ज्युडिथबाईंच्या हातात बँकेचं कार्ड होतं.

"भर, बाय, भर," अंकल म्हणाले. "बारा वाजतील. पोरगा तिकडून दोरी टाकतोय आणि तू इथे विचार करत बसलीस?"

"दाय, इमा, पुरे, थांब," रिनातने आईचा हात धरला. "हा डबा फुकटचा आहे. चार वर्षांत एक शेकेल कोणी मागितला नाही. मग बिल कसलं?"

"वापर वाढला असेल," अंकल म्हणाले.

रिनातने माऊस हातात घेतला. पत्रात 'इथे पैसे भरा' असं निळ्या अक्षरांत होतं. दाबलं नाही, नुसता त्यावर बाण नेला. पडद्याच्या तळाशी खरा पत्ता उमटला. कंपनीचं नाव त्यात कुठेच नव्हतं, नुसते आकडे आणि भलतीच अक्षरं.

"आसाफ, तुझा डबा उघड," ती म्हणाली.

आसाफचं कोपऱ्यावर कोंबड्यांचं दुकान. त्याने लाजत पासवर्ड घातला. तेच पत्र, तीच रक्कम, शेवटचा वापर काल संध्याकाळी सहा बेचाळीस. आणि वर लिहिलं होतं: डिअर फ्रेशचिकन.

कोणीतरी फिस्सकन हसलं.

"मेलेल्याला बिल येत नाही ना, अंकल?" रिनात म्हणाली. "मग आसाफच्या कोंबड्या पण जिवंत असतील. यंत्र पत्त्यातला पहिला तुकडा उचलतं आणि डिअरपुढे चिकटवतं. त्याला योएल माहीत नाही आणि कोंबडीही नाही. अशी लाखो पत्रं एका रात्रीत जातात."

"हानाबीचं बोलणं तुझ्यासारख्या पोरीला…"

"तुमचा डबा दाखवा."

"माझा? माझं त्यात काय आहे?"

"आपल्या समाजाच्या क्लबात मीच उघडून दिला होता, याच कंपनीचा. पासवर्ड तुमच्या डायरीत आहे."

अंकल दाराकडे सरकले. शेजारच्या एदनाबाईंनी त्यांच्या खिशातून डायरी सरळ काढून घेतली. तिच्याबरोबर सकाळची तीन पाकिटंही बाहेर आली. डब्यात ते पत्र होतं: डिअर बिन्यामिन३८. सोमवारी दुपारी आलेलं, उघडून वाचलेलं.

"म्हणजे दुपारी तुला आलं," एदनाबाई सावकाश म्हणाल्या, "आणि संध्याकाळी तू हिला सांगायला आलास. तू पैसे भरलेस का रे?"

अंकल पाकिटं गोळा करायला लागले.

"स्वतःचं कार्ड खिशात ठेवलंस आणि पोर गमावलेल्या बाईला भर म्हणालास?"

अंकलनी टोपी शोधली, सापडली नाही, तसेच उतरले. जिन्यात त्यांना कोणी वाट दिली नाही. चार दिवस याच लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं.

"तुम्ही पण ऐका," रिनात उरलेल्यांवर ओरडली. "फुकटच्या गोष्टीचं बिल आलं की थांबा. कोणी घाई केली, धमकी दिली की थांबा. तळाचा पत्ता वाचा. कंपनीला विचारायचं तर नंबर स्वतः शोधून विचारा, पत्रातला नको. आणि चमत्कार झाला म्हणून कोणी सांगितलं, तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारा, हाच चमत्कार आणखी किती जणांच्या घरी झाला?"

माणसं खाली बघत निघाली. जाताना मलिदा कागदात बांधून न्यायला मात्र कोणी विसरलं नाही.

घरात दोघीच उरल्या. ज्युडिथबाईंनी कार्ड टेबलावर ठेवलं.

"चार दिवस त्याचं अंथरूण घालत होते गो मी," त्या म्हणाल्या.

"मीपण मानलं होतं, इमा. बसमध्ये." रिनातला रडू फुटलं. आईने तिला जवळ घेतलं नाही.

"त्याच्या पुण्यतिथीचा दिवा कुठल्या तारखेला लावायचा मग? दर वर्षीचा?"

"नदीत पडला ती. सहा जून."

"ती नाही. त्या दिवशी माझा पोरगा मेला नव्हता." ज्युडिथबाईंचा आवाज अगदी कोरडा होता. "आजची लिही. आज तू मारलंस त्याला."

रिनातने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि आजच्या चौकटीत भावाचं नाव लिहिलं.