ओरेश्का, लोकसंख्या शून्य

रुसाना आजी गुरुवारी सकाळी सव्वानऊ वाजता वारल्या.

आता हे विसरा. असं काही घडलेलंच नाही. आमच्या संगणकानुसार त्या आजही छातीच्या वॉर्डात चौथ्या खाटेवर आहेत, प्रकृती स्थिर आहे, आणि रोज दुपारी बाराला त्यांच्यासाठी बिनमिठाचं कोंबडीचं सूप येतं. मी संगणकाच्या बाजूचा माणूस, त्यामुळे मीही तसंच धरून चालतो.

माझं नाव इस्क्रेन. जिल्हा इस्पितळाच्या तळघरात, धुलाईखान्याशेजारी माझं टेबल आहे. वर प्रयोगशाळेची यंत्रं एका भाषेत बोलतात, औषधविभाग दुसऱ्या, आणि राजधानीतली मोठी नोंदवही फक्त स्वतःशीच बोलते. या सगळ्यांच्या मधे एक पूल आहे. पूल म्हणजे एक प्रोग्रॅम. तो इकडचा निरोप तपासतो, तिकडच्या भाषेत करतो आणि पोचवतो. पोचला की पडद्यावर हिरवा, अडला की लाल. मी त्या पुलाचा रखवालदार. लाल दिसलं की चूक शोधायची, हिरवं दिसलं की कॉफी प्यायची. तीन वर्षं हेच करतोय आणि झोप चांगली लागायची.

त्या सोमवारी सकाळी वॉर्डातून देल्याना सिस्टरचा फोन आला. वॉर्डात तिचा शब्द डॉक्टरही मोडत नाहीत. चौथ्या खाटेवरच्या आजींना घरी सोडायचं होतं, डॉक्टरांची सही झाली होती, पण संगणक काही सोडायला तयार नव्हता. मी पाहिलं तर लाल अक्षरांत लिहिलं होतं : रुग्णाचा पत्ता अवैध, गाव क्रमांक ५३४१७ अस्तित्वात नाही.

अशा वेळी आधी स्वतःवर संशय घ्यायचा असतो. शुक्रवारी मीच वरून आलेली गावांची नवी यादी पुलावर चढवली होती. चाचणीही घेतली होती. त्यासाठी टेस्ट टेस्टोव्ह आणि त्याची बायको टेस्टका टेस्टोव्हा असे दोन रुग्ण मी तयार केले होते. दोघंही राजधानीत राहणारे, दोघंही ठणठणीत. झटक्यात पार झाले. एखादा गावाकडचा माणूस घ्यावा, हे मला सुचलं नाही.

जुनी आणि नवी यादी शेजारी शेजारी ठेवली. पाच हजारांवर नावं, फरक एकाचा. ओरेश्का. पुढे शेरा : रहिवासी नसल्याने वगळले. फेब्रुवारीत गणना करणारा माणूस ओरेश्काला गेला होता. वस्ती असलेल्या एकमेव घराचं दार त्याने वाजवलं, कुणी उघडलं नाही, त्याने शून्य लिहिलं आणि तो निघून गेला. दार उघडलं नाही, कारण घराच्या मालकीणबाई जानेवारीपासून आमच्याकडे होत्या. आधी खुबा मोडला, मग फुप्फुसं. म्हणजे ओरेश्काची समस्त लोकसंख्या आमच्या चौथ्या खाटेवर झोपली होती. मी हे तीनदा तपासलं.

गाव नसलं तर नसो, बाईंना गाडीत घालून घरी सोडा, असं कुणालाही वाटेल. पण सोडल्याची नोंद राजधानीने स्वीकारल्याशिवाय घरी न्यायचं ऑक्सिजनचं यंत्र कपाटातून निघत नाही. कपाटाचं कुलूप माझ्याच पुलाला जोडलेलं आहे. गेल्या वर्षी मीच जोडलं, त्याबद्दल माझं कौतुकही झालं होतं. आणि यंत्राशिवाय आजी फार तर इस्पितळाच्या फाटकापर्यंत पोचल्या असत्या.

राजधानीत फोन केला. पलीकडचा मुलगा फार नम्र होता. रुग्णाची आपण तिथेच राहतो अशी खात्री आहे का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, वय त्र्याऐंशी आहे, आणि एवढी वर्षं खात्री टिकून आहे. त्याने लेखी तक्रार करायला सांगितली. दुपारी उत्तर आलं : यंत्रणा अपेक्षेप्रमाणे काम करत आहे.

तसा उपाय एका ओळीचा होता. जिथे ५३४१७ येईल तिथे शेजारच्या मोगिला गावाचा क्रमांक घालायचा. तीन किलोमीटरचा तर फरक. मी वर सांगायला गेलो.

आजी नाकात नळी घालून बसल्या होत्या. मांडीवर कागदांचा गठ्ठा. काळी चौकट, मधे टोपीतला एक म्हातारा, खाली 'स्टोइमेन, तुला जाऊन तीन वर्षं झाली.' त्यांच्या नवऱ्याचं स्मृतिपत्रक. देल्यानाने वॉर्डातल्या यंत्रावर छापून दिलं होतं. आमच्याकडे माणूस गेला की असं पत्रक गावात दारांवर, झाडांवर लावतात : चाळीस दिवसांनी, सहा महिन्यांनी, मग दरवर्षी. शुक्रवारी तीन वर्षं पुरी होणार होती, आणि शुक्रवारच्या आत आजींना घरी जायचं होतं. त्यांची मागणी एवढीच होती.

"बारा प्रती?" मी म्हटलं. "आजी, तिथे वाचणार कोण?"

"एक फाटकावर, एक अक्रोडाच्या झाडावर, दोन बसथांब्यावर. राहिलेले दुकानाच्या दारावर."

"दुकान चालू आहे?"

"बंद पडलं म्हणून तर दारावर एवढी जागा आहे."

मी त्यांना मोगिलाचं सांगितलं. नीट बोलता यावं म्हणून त्यांनी नाकातली नळी काढली.

"मोगिलाची? मी?"

"फक्त कागदावर, आजी."

"त्या लोकांनी आमचं पाणी तोडलं, तेव्हा माझा सासरा अकरा दिवस झऱ्यावर बसून होता. आणि आता म्हातारपणी मी मोगिलाची? त्यापेक्षा चंद्रावरची लिही."

"चंद्राला क्रमांक नाही."

"मग चंद्र आणि ओरेश्का सारखेच." त्यांनी नळी पुन्हा नाकात घातली. "पोरा, तू शिकलेला आहेस. काहीही कर, पण मला तिथली करू नकोस. शब्द दे."

मी दिला. शब्द द्यायला मी कधी फार वेळ लावत नाही.

मंगळवारी सकाळी दहाला मी ती ओळ लिहिली. शब्द वेगळा, ऑक्सिजन वेगळा, असा माझा हिशोब होता. आजी घरी पोचल्यावर कागद कोण बघतंय? अकरा वीसला निरोप हिरवा झाला. कपाट टक् करून उघडलं. मी कॉफी प्यायलो.

कागद बघितला गेन्चोने. गेन्चो अॅम्ब्युलन्स चालवतो आणि हातात दिलेल्या कागदावर जे असेल तिथे जातो. त्याच्या कागदावरचा पत्ता माझ्याच पुलावरून आला होता : मोगिला, घर क्रमांक सात. ओरेश्कात आजींचं घर सात नंबरचं. मोगिलातही सात नंबरचं घर आहे. दीड तास डोंगररस्त्याने जाऊन गेन्चोने आजींना खुर्चीसकट त्या अंगणात उतरवलं. घरातून एक माणूस आला आणि म्हणाला, आमच्याकडे एक आजी आहे, दुसरी नको.

आजींनी विचारलं, हे गाव कुठलं. त्याने सांगितलं. त्यावर त्यांनी मांडीवरचा कागदांचा गठ्ठा उलटा करून ठेवला, असं गेन्चो म्हणाला.

गेन्चो पुढचे तीन किलोमीटर जायला तयार होता. त्याने गाड्यांच्या कक्षाला फोन लावला. त्यांनी यादी पाहिली. नसलेल्या गावाला गाडी पाठवता येत नाही, आणि गाडीतल्या ऑक्सिजन सिलिंडरचा काटाही खाली चालला होता. पुन्हा दीड तास मागे.

ते परतल्यावर मी सोडल्याची नोंद रद्द केली, मग ती ओळही पुसली. संगणकाच्या दृष्टीने मंगळवार झालाच नव्हता. आजींना मात्र ताप आला होता.

बुधवारी मी त्यांच्या खाटेशी जाऊन उभा राहिलो. माफी मागायची काही वाक्यं तयार करून नेली होती.

"तूच केलंस ना?" त्यांनी विचारलं.

"हो, आजी."

"त्या सात नंबरवाल्यांचे पडदे चांगले आहेत." मग त्यांनी कागदांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "हे तू लाव. शुक्रवारी."

गुरुवारचं मी सुरुवातीला सांगितलं आहे.

डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं तशीही महिनाभर टिकली नसती. देल्याना म्हणाली, "तळघरवाल्या, आधी जेवून घे." मला कुणी ओरडलं नाही. मी ओरडून घ्यायच्या तयारीत होतो.

मृत्यूची नोंद पाठवली. लाल. गाव क्रमांक ५३४१७ अस्तित्वात नाही. ती ओळ पुन्हा लिहायला मला पंधरा सेकंद लागले असते. आजी हिरव्या झाल्या असत्या, मोगिलाच्या रहिवासी म्हणून, कायमच्या. देल्याना माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती. मी कळफलकावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"राहू दे लाल," ती म्हणाली.

तेव्हापासून सूप येतं. देल्याना ते खिडकीत ठेवते आणि संध्याकाळी परत पाठवते. त्या खाटेवर आता एक निवृत्त मास्तर आहेत. संगणकात त्यांची नोंद 'व्हरांडा' अशी आहे.

दफनासाठी डॉक्टरांनी दाखला हाताने लिहून दिला. माझ्या जन्माच्या आधी छापलेलं दाखल्यांचं पुस्तक होतं ते. शुक्रवारी गेन्चोने सुट्टी टाकली आणि मेहुण्याची व्हॅन आणली. आम्ही तिघं होतो : गेन्चो, पाद्री आणि मी. शिवाय आजी. मोगिला ओलांडताना गेन्चोने वेग कमी केला नाही. शेवटचे तीन किलोमीटर रस्ता दाखवणारं यंत्र 'मागे वळा' म्हणत होतं.

स्टोइमेनच्या शेजारी जागा होती. तिथलं आटोपल्यावर मी गठ्ठा काढला. एक फाटकावर, एक अक्रोडावर, दोन बसथांब्यावर, राहिलेले दुकानाच्या दारावर. मग मी छापून आणलेले बारा कागद, आजींच्या नावाचे. तेही तसेच लावले. दुकानाच्या दारावर खरंच पुष्कळ जागा होती.

चौदा दिवसांनी माझी तक्रार आपोआप बंद झाली. कारण : तक्रारदाराकडून प्रतिसाद नाही. मी ती पुन्हा उघडली आणि खालीलप्रमाणे लिहिलं.

प्रति, गावयादी देखभाल कक्ष. विषय : गाव क्रमांक ५३४१७ पुन्हा समाविष्ट करणेबाबत. महोदय, सदर गावाची गणना झाली त्या दिवशी तेथील एकमेव रहिवासी उपचारासाठी तात्पुरत्या परगावी होत्या. आता त्या कायमच्या गावी परतल्या असून पतीशेजारी राहत आहेत. तरी गावाची लोकसंख्या शून्याऐवजी दोन अशी दुरुस्त करावी, आणि रांगेत थांबलेला त्यांचा एक निरोप स्वीकारला जाईपर्यंत गाव अस्तित्वात ठेवावे, ही नम्र विनंती. सोबत : दुकानाच्या दाराचे छायाचित्र, एक प्रत.