पुराची रेघ

गाढी नदीच्या काठानं एके काळी भाताच्या गिरण्याच गिरण्या होत्या. आता काठावर टॉवर, आणि शेतं विचाराल तर शेतांवर विमानतळ! उरली होती ही एक बंद गिरणी, तीही पाडायची ठरलेली. बळीराम तिथला जुना फिटर. दोन्ही गुडघे गेलेले, तरी मुलाचा, हरेशचा, हात धरून सकाळीच हजर. त्याला कारण होतं. तिथं होणाऱ्या बिल्डिंगीत हरेशनं तळमजल्याची रूम बुक केली होती, म्हाताऱ्याला जिना नको म्हणून.

पूररेषेचं माप घ्यायला मिताली नावाची इंजिनीअर आली होती. भिंतीवरची लाल रेघ बघून तिला कोण आनंद! रेघ कमरेएवढी उंच, शेजारी लिहिलेलं : पूर, २००५.

"ताई, ती रेघ खोटी हाय," बळीराम म्हणाला.

"कोणी काढली?"

"मीच."

आणि मग त्यानं सगळं भडाभडा ओकलं. तेव्हा गिरणीत शेतकऱ्यांच्या भाताच्या थप्प्या होत्या. पाणी पार माळ्याला लागलं, एक पोतं कोरडं राहिलं नाही. शेटला मात्र तेच भात सुकवून चांगलं म्हणून विकायचं होतं. तो म्हणाला, "बळी, रेघ कमरेशी मार. वरची पोती वाचली असं दिसू दे." बळीराम शेटच्या मिठाला जागला. ब्रश त्याचा, अक्षरही त्याचंच.

मिताली हसली. "आजोबा, इतक्या वर्षांनी आठवणीत घोळ होतोच. तेव्हाचं लिहिलेलं समोर आहे, हातच्या काकणाला आरसा कशाला?" तिनं टेप लावली, फोटो काढला, आकडा टिपला. बळीराम माळ्याकडे हात करून कळवळून सांगत राहिला. तिथं नुसता चुना होता.

बाहेर हरेशनं त्याला पायरीवर बसवलं. "बाबा, खरं सांग. पानी माल्यापर्यंत आलतं?"

"तुज्या आयशीची आन!"

हरेशचा चेहरा उतरला. बळीरामला वाटलं, चला, निदान पोराला तरी पटलं.

हरेशनं आजूबाजूला कोणी नाही ना, बघून घेतलं. मग हळूच म्हणाला, "आता कुनाला बोलू नको. पैली ही रूम कुनाच्या तरी गल्यात मारतो. मंग बोल काय ते."

बळीराम त्याच्यावर ओरडणार होता, पण कुठल्या तोंडानं? पोरगं बापावरच गेलं होतं.