पगार की लाभांश

तिने चष्मा पुसला आणि तोच कागद पुन्हा वाचला. तिने कंपनीतून दर महिन्याला घेतलेल्या रकमेपुढे एकच शब्द होता : लाभांश.

"शेवटची दोन वर्षं कंपनी तोट्यात होती," अवसायक म्हणाला. बुडालेल्या कंपनीचं उरलंसुरलं विकून देणी भागवायची, हे त्याचं काम. सकाळपासून बोलून त्याचा घसा बसला होता. "नफा नसताना भागधारकाने घेतलेला लाभांश परत करावा लागतो. संचालकाचा पगार असता, तर गोष्ट वेगळी."

"मी काम केलंय हो. ह्यांनी अंथरूण धरलं आणि खोक्यांचा अख्खा कारखाना माझ्या गळ्यात पडला."

"मग पगार का नाही लिहिला?"

"पगारावर कर जास्त बसतो, असं हिशेबनीस म्हणाले. आम्ही सह्या केल्या."

घरात आता एकच मुदत ठेव उरली होती. ती मोडली की नंतर हात पसरायची वेळ.

अवसायकाने दार उघडून आक्काला आत बोलावलं. आक्का पुठ्ठा चिकटवणाऱ्या बायकांची मुकादम होती. तिच्यासकट चौदा जणींचा चार महिन्यांचा पगार थकला होता.

"आक्का, आधीच सांगतो. बाईंनी पैसे परत केले, तर तुमचा पगार त्यातूनच निघेल. आता सांगा, बाई काम करायच्या?"

आक्का खुर्चीच्या कडेवर बसली. डिंकाने फाटलेली बोटं तिने पदरात घेतली.

"करायच्या म्हणजे? आमच्या आधी यायच्या. मशीन बिघडलं की रात्रभर आमच्याबरोबर हातांनी खोकी वळायच्या."

"तुमचे पैसे जातील, कळतंय ना?"

"कळतंय की. पण खोटं कशाला बोलू?"

तिने जबाबाखाली अंगठा उमटवला, शेजारी वाकडीतिकडी सही केली आणि ती बाहेर गेली.

अवसायकाने डोळे चोळले. "शेवटचा प्रश्न. नुसतं काम केलं म्हणून तो पगार होत नाही, तसं ठरलेलं असावं लागतं. तुम्ही संचालक दोघंच, आणि साहेब आता नाहीत. त्या वेळी तोंडी का होईना, पगार म्हणून ठरलं होतं का? तुम्ही सांगाल ते मी लिहीन. खोडून काढायला कुणी नाही."

तिच्या ओठांवर 'हो' आलंच होतं. तिने पाण्याचा ग्लास उचलला, तसाच खाली ठेवला.

"नाही," ती म्हणाली. "ठरला होता तो लाभांशच. लिहा तसं."

त्याने तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि लिहिलं.

बाहेर आक्का बाकावर बसली होती. तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली, जागा केली.

"झालं मनासारखं?"

"झालं."

"मग टेका जरा. किती दमलाय तुम्ही."